शून्य आणि ‘माहीत नाही’: एमटीपी लायब्ररीच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

आमची लायब्ररी एमटीपी बोलते, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल: यूएसबीने जोडलेल्या फोन-कॅमेऱ्यातल्या फायली संगणकावरून हाताळण्याची ठरलेली भाषा. आजपासून ‘फाइल-नोंद’ हा टाइप, म्हणजे एका फाइलची माहिती ठेवण्याचा साचा, हाती घेतला. लायब्ररीचा खालचा थर, म्हणजे यूएसबीवरून पॅकेट पाठवणं-घेणं आणि सेशन उघडणं-मिटवणं, गेल्या महिन्यात बऱ्यापैकी स्थिरावला आहे. फोन, कॅमेरा, जुना म्युझिक प्लेअर, काहीही जोडलं तरी आत काय आहे याची यादी येते. पण ती अजून कच्च्या बाइट्सची यादी आहे. लायब्ररी वापरणाऱ्याला फाइल हवी असते: नाव काय, साइझ किती, शेवटची कधी बदलली, कुठल्या फोल्डरात आहे.

ही उत्तरं येतात कुठून, ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाट चुकणार नाही. एमटीपी ही फाइल सिस्टम नाही. डिव्हाइसच्या आत ‘ऑब्जेक्ट’ असतात. प्रत्येकाला ३२ बिटांचं एक हँडल, म्हणजे ओळखीचा आकडा, असतो. फोल्डरसुद्धा ‘असोसिएशन’ नावाचं एक ऑब्जेक्टच, आणि पाथ असा कुठे नसतोच. मूळ आहे पीटीपी, कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर आणण्यासाठी झालेला प्रोटोकॉल, आयएसओ १५७४० या मानकातला. मायक्रोसॉफ्टने त्यावर म्युझिक प्लेअरच्या गरजा चढवल्या आणि त्याचा एमटीपी झाला. २००८ साली यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरमने त्याचं मानक प्रसिद्ध केलं, आणि २०११ साली अँड्रॉइड ३.० बरोबर तो फोन-टॅबलेटांवर पोचला. त्याआधी मास स्टोरेज या जुन्या पद्धतीत फोन आपलं अख्खं पार्टिशन संगणकाच्या हवाली करायचा आणि तोवर स्वतः त्याला हात लावू शकायचा नाही. एमटीपीत डिस्क डिव्हाइसच्याच ताब्यात राहते, संगणक फक्त विचारतो.

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडलो. लोकल डिस्कवरचा मेटाडेटा, म्हणजे फाइलबद्दलची माहिती, आपण वाचतो. इथला मेटाडेटा आपल्याला कुणीतरी सांगतं. सांगणारा विसरू शकतो, गोलमोल बोलू शकतो, काही वेळा चक्क चुकीचंही सांगतो. टाइप लिहिताना हे डोळ्यांसमोर हवं.

सांगण्याचा ठरलेला साचा म्हणजे ऑब्जेक्टइन्फो, एकूण १९ फील्डांचा. त्यातली बरीचशी थंबनेल आणि चित्राच्या पिक्सेलांची, कारण मूळ कॅमेऱ्याचं. आपल्या कामाची पाच-सहा. पहिल्या मसुद्यात पाचच घेतली: नाव, साइझ, पालक (ज्या फोल्डरात ती आहे तो), बदलल्याची वेळ, प्रकार. सगळी साध्या टाइपची.

५ फेब्रुवारी

साइझपाशीच पहिला मसुदा मोडला.

ऑब्जेक्टइन्फोमधली साइझ ३२ बिटांची आहे. म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइट, चार जीबीला एक बाइट कमी. आज लांबलचक व्हिडिओ सहज त्यापलीकडे जातो. अशा वेळी डिव्हाइसने तिथे सगळे बिट एक करून पाठवायचे, आणि खरी साइझ हवी असेल तर आपण ‘ऑब्जेक्ट साइझ’ ही ६४ बिटांची प्रॉपर्टी वेगळी विचारायची, असा नियम. हेक्समध्ये तिचा कोड डीसी०४.

अडचण अशी की ही प्रॉपर्टी एमटीपीची आहे. निव्वळ पीटीपी बोलणाऱ्या कॅमेऱ्याला ती ठाऊकच नसते. तिथे सगळे बिट एक आले, तर आपल्याला एवढंच कळतं की फाइल निदान ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची आहे. ‘निदान’ हा शब्द जाणूनबुजून लिहिला आहे. फॅट३२ या कॅमेऱ्याच्या कार्डांवर दिसणाऱ्या फाइल सिस्टमवर सगळ्यात मोठी फाइल नेमकी याच आकड्याची होऊ शकते, तेव्हा हा आकडा कधीकधी अगदी खराही असतो. ‘मर्यादा ओलांडली’ची खूण आणि खरीखुरी साइझ, दोन्हींना एकच आकडा. प्रोटोकॉल ठरवणाऱ्यांच्या वेळी चार जीबीचा फोटो कुणाच्या स्वप्नातही नसणार, त्यामुळे दोष देत नाही. पण म्हणून आपण डोळे मिटायचे असंही नाही.

साइझचा टाइप बदलला. तीन शक्यता: ‘नेमकी इतकी’, ‘निदान इतकी’, ‘सांगितलेली नाही’. फोल्डरला साइझचं फील्डच ठेवलं नाही. फोल्डरची साइझ म्हणून येणारा आकडा कशाचा आहे, हे कुठल्याच डिव्हाइसकडून नीट कळत नाही. ज्याला अर्थ नाही त्याला जागा नाही.

बॅकअपचं टूल लिहिणाऱ्या सहकारीला हे दाखवलं. तिचं टूल हा या लायब्ररीचा पहिला खरा ग्राहक. ती म्हणाली, “मला प्रोग्रेस बार काढायचाय, एक आकडा दे ना सरळ.” मी म्हटलं, “आकडा खोटा निघाला तर बार शंभर टक्क्यांवर जाऊन कॉपी चालूच राहील.” ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “ठीक आहे, ‘निदान’ आलं तर टक्के न दाखवता किती बाइट आले तेवढंच दाखवीन.” मला नेमकं हेच हवं होतं. काय करायचं ते तिने ठरवलं, मी तिच्या वतीने ठरवून टाकलं नाही.

६ फेब्रुवारी

साइझच्या टेस्ट लिहिल्या. सीमेवरचे तिन्ही आकडे घातले: एक कमी, नेमका, एक जास्त. पास.

१० फेब्रुवारी

तारखा. तीन दिवस यातच गेले आणि अजून मन निवांत नाही.

एमटीपीत तारीख स्ट्रिंग म्हणून येते. आधी वर्ष-महिना-दिवसाचे आठ अंक, मग टी हे अक्षर, मग तास-मिनिट-सेकंदाचे सहा अंक. त्यापुढे हवं तर बिंदू देऊन सेकंदाचा दहावा भाग, आणि शेवटी हवं तर टाइमझोन: यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेसाठी झेड, नाहीतर तिच्यापासूनचा फरक (ऑफसेट), अधिक-उणे तास-मिनिटांत. ‘हवं तर’ इथेच सगळी मेख आहे. आमच्याकडच्या डिव्हाइसेसपैकी टाइमझोन पाठवणारं एकही नाही.

माझा पहिला कोड टाइमझोन नसेल तर यूटीसी धरत होता. दुसरा संगणकाचा टाइमझोन धरत होता. दोन्ही चूक. फोन आतमध्ये वेळ यूटीसीत ठेवतो, आपल्याला सांगताना स्वतःच्या सध्याच्या टाइमझोनमध्ये बदलून सांगतो, पण तो टाइमझोन कोणता हे सांगत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये टाइमझोन बदलला आणि पुन्हा यादी मागवली, तर एकाही फाइलला हात न लावता सगळ्यांच्या तारखा सरकलेल्या. बॅकअपच्या टूलला वाटणार, सगळंच बदललंय. कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या कार्डावर फॅट असतं आणि फॅटमध्ये वेळ मुळातच स्थानिक लिहिलेली असते, तीही दोन सेकंदांच्या पायरीने. म्हणजे तिथे यूटीसी कधी नव्हतंच. ‘भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते’ एवढीच ती नोंद, आणि ते घड्याळ कुठल्या गावच्या भिंतीवर होतं हे कार्डाला माहीत नाही.

मग रिकाम्या तारखा. जुना म्युझिक प्लेअर बदलल्याच्या तारखेच्या जागी रिकामी स्ट्रिंग देतो. माझ्या पार्सरने, म्हणजे तारीख वाचणाऱ्या कोडने, तिचा शून्य केला, शून्याचा झाला १ जानेवारी १९७०, कारण युनिक्स वेळ तिथून मोजतं, आणि यादी तारखेने लावली की त्या प्लेअरवरची सगळी गाणी युनिक्सच्या आरंभकाळात जाऊन बसली. ज्याला माहीत आहे त्याला १९७० दिसताच कळतं की हा शून्य आहे. पण बाकीच्यांनी काय समजायचं? त्यांच्या दृष्टीने ती एक तारीखच. कॅमेऱ्याचं घड्याळ कधी लावलंच नसेल तर १ जानेवारी १९८० येतं, कारण फॅटचं कॅलेंडर तिथून सुरू होतं. तीही तारीखच, पण ती निदान डिव्हाइसने स्वतः दिलेली. तिला आपण खोटं ठरवायचं नाही. १९७० मात्र आपण घडवली होती.

ठरलं ते असं. तारखेच्या टाइपमध्ये वर्षापासून सेकंदांपर्यंतचे भाग जसेच्या तसे राहतील, सोबत ऑफसेट असेल तर ऑफसेट. लायब्ररी आपणहून कधीही यूटीसीत बदलणार नाही. ज्याला बदलायचं असेल त्याने टाइमझोन स्वतः द्यायचा, म्हणजे अंदाज कुणाचा आहे ते कोड वाचताना दिसेल. स्ट्रिंग आली पण वाचता आली नाही, तर मूळ स्ट्रिंग जपून ठेवायची आणि ‘वाचता आली नाही’ असं स्पष्ट म्हणायचं.

ऑफसेट असलेली तारीख आणि नसलेली तारीख यांत आधीची कोणती? याला उत्तर नाही. सुदैवाने आमची लायब्ररी रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे, आणि तिथे तुलनेचं उत्तर ‘लहान’, ‘मोठं’, ‘समान’ यांखेरीज ‘सांगता येत नाही’ असंही देता येतं. त्याचा इतका मनापासून उपयोग मी पहिल्यांदाच केला.

११ फेब्रुवारी

कालच्या नोंदीत एक राहिलं. सेकंदाचा दहावा भाग ही या स्ट्रिंगची कमाल बारकाई. संगणकावरच्या फाइलची वेळ नॅनोसेकंदांपर्यंत असू शकते. म्हणजे डिव्हाइसवर पाठवलेली वेळ परत वाचली तर ती मूळ वेळेशी जुळणार नाही, आणि मध्ये फॅट असेल तर दोन सेकंदांपर्यंत फरक पडेल. ‘बदलली का?’ हे तपासणाऱ्या फंक्शनला सवलत किती द्यायची ते बाहेरून सांगावं लागेल, असं केलं. डीफॉल्ट दिलेलं नाही. वापरणाऱ्याने एकदा तरी थांबून विचार करावा.

१२ फेब्रुवारी

फोटो काढल्याची वेळ एक्झिफमधून, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलीत लिहिलेल्या माहितीतून, घ्यावी का? मागणी रास्त आहे, पण उत्तर नाही असंच दिलं. एक्झिफ फाइलच्या पोटात असतं, ते वाचायचं तर फाइलचे बाइट मागवावे लागतात, आणि यादी दाखवण्यासाठी हजार फायली उघडायच्या हे बरोबर नाही. शिवाय तिथेही तोच टाइमझोनचा घोळ. एक्झिफमध्ये ऑफसेटची वेगळी फील्डं आली ती २०१६ साली, २.३१ आवृत्तीत. त्याआधीच्या फोटोंत ती असण्याचा प्रश्नच नाही. हे काम वरच्या थराचं.

१७ फेब्रुवारी

नावं.

एमटीपीतली स्ट्रिंग अशी येते: आधी एक बाइट, त्यात अक्षरांची संख्या, मग तितकी यूटीएफ-१६ ची १६ बिटांची एककं, शेवटचं एकक शून्य, आणि ते शून्यही संख्येत धरलेलं. एका बाइटात २५५ पर्यंतच मोजता येतं, तेव्हा नावाला उरतात २५४ एककं. बहुतेक इमोजींना निदान दोन एककं लागतात. रिकामी स्ट्रिंग म्हणजे नुसता एक शून्य बाइट.

टेस्टसाठी ‘किनाऱ्यावर’ हे नाव घेतलं, ते मुद्दाम. यात क, इकार, न, काना, ऱ, हलन्त, य, काना, व, र असे दहा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधली सुटी चिन्हं. पण ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. दुसऱ्या तऱ्हेने अकरा कोडपॉइंट होतात. डोळ्यांना दोन्ही नावं एकच, एमटीपीच्या तारेवर मात्र एक २३ बाइटांचं आणि दुसरं २५. एकाच फोल्डरात दोन्ही ठेवली, तर फोनने दोन्ही निमूट ठेवून घेतली. आता ती एकसारखी करून घ्यावीत का? मोह होतो. पण लायब्ररीने नाव ‘सुधारलं’ तर त्याच नावाने पुन्हा शोधताना डिव्हाइस म्हणेल, असं काही नाही माझ्याकडे. तेव्हा नाव आलं तसंच ठेवायचं. तुलनेसाठी एकसारखं केलेलं रूप हवं असेल तर त्याचं फंक्शन वेगळं, मूळ नावाला धक्का नाही.

दुसरी गोष्ट लांबीची, आणि ही देवनागरी लिहिणाऱ्यांना थेट भोवणारी. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो. म्हणजे ८५ कोडपॉइंट झाले की संपलं, आणि त्यात काने-मात्रे-वेलांट्या सगळ्या मोजल्या जातात. एमटीपीतून १०० कोडपॉइंटांचं मराठी नाव सुखरूप येतं आणि संगणकावर उतरवताना अडतं. इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. लायब्ररीने इथे नाव गुपचूप कापायचं नाही, मेटाडेटात पूर्ण नाव द्यायचं. कापायचं कुठे ते उतरवून घेणाऱ्याने ठरवावं, आणि कापताना निदान जोडाक्षराच्या मधोमध कापू नये.

अर्धवट यूटीएफ-१६, म्हणजे जोडीतलं एकच एकक, तेही येऊ शकतं. म्हणून आत नाव १६ बिटांच्या एककांच्या यादीत ठेवलं आहे. दाखवण्यासाठी त्याचं रूपांतर होतं आणि न जमलेल्या जागी बदली चिन्ह येतं. डिव्हाइसशी बोलताना मूळ यादीच वापरतो.

१८ फेब्रुवारी

विंडोजवर आम्ही थेट यूएसबीशी बोलत नाही, तिथल्या पोर्टेबल डिव्हाइसेस एपीआयमधून, म्हणजे विंडोजने प्रोग्रॅमांना दिलेल्या वाटेने, जातो. तिथे नावं दोन: ऑब्जेक्टचं नाव आणि मूळ फाइलनाव. पहिल्यात एक्स्टेन्शन असेलच असं नाही. आधी मूळ फाइलनाव, ते नसेल तरच दुसरं, आणि कुठून घेतलं याची खूण सोबत.

तारखा तिथे दशांश संख्येत येतात, ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेल्या दिवसांत. त्या प्रकारात टाइमझोनला जागाच नाही. डिव्हाइसने दिला असला तरी या वाटेने तो आपल्यापर्यंत पोचत नाही. आमचा ‘ऑफसेट नाही’ हा पर्याय इथे आपोआप बसला. दहा तारखेचे तीन दिवस वाया गेले नाहीत, याचं समाधान वाटलं.

२४ फेब्रुवारी

फाइलची ओळख कशी धरायची? नाव तर नक्कीच नाही. एका फोल्डरात एकाच नावाची दोन ऑब्जेक्ट असू शकतात, प्रोटोकॉल त्याला हरकत घेत नाही. हँडल सेशनपुरतंच भरवशाचं. केबल काढून पुन्हा लावली की तेच हँडल दुसऱ्याच फाइलीला मिळू शकतं. सेशनपलीकडे टिकणारी ओळख म्हणून १२८ बिटांची एक प्रॉपर्टी आहे, आणि विंडोजच्या एपीआयमध्येही कायमची ओळख स्ट्रिंगच्या रूपात मिळते. जी डिव्हाइसेस ती देतात तिथे ती वापरायची.

हँडल आणि कायमची ओळख हे दोन वेगळे टाइप केले. आधी दोन्ही साध्या संख्या होत्या, आणि माझ्याच एका टेस्टमध्ये हँडल डिस्कवर साठवलं गेलं होतं. आता कंपायलरच ते होऊ देत नाही.

पालकाचंही असंच. ‘सगळ्यात वरचा फोल्डर’ हे सांगायला ऑब्जेक्टइन्फोत पालक शून्य येतो, पण यादी मागताना वरच्या फोल्डरासाठी सगळे बिट एक द्यावे लागतात. एकाच जागेला दोन आकडे. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसता कामा नये. पालक हा ‘मूळ’ किंवा ‘हे फोल्डर’ एवढाच.

२८ फेब्रुवारी

आजची नोंद लांब आहे, कारण चूक मोठी होती आणि ती माझी होती.

पार्श्वभूमी वेगाची. ऑब्जेक्टइन्फो एका वेळी एका फाइलची मिळते. दहा हजार फोटो असतील तर दहा हजार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत आज्ञा, डेटा, उत्तर असे तीन टप्पे. वर प्रत्येक फाइलीच्या आणखी पाच प्रॉपर्ट्या एकेक करून विचारल्या तर साठ हजार. एमटीपीत यावर उपाय आहे: एका फोल्डरातल्या सगळ्या ऑब्जेक्टांच्या प्रॉपर्ट्या एकाच आज्ञेत मागता येतात. पण ती आज्ञा ऐच्छिक आहे, आणि जी डिव्हाइसेस ती ‘येते’ म्हणून सांगतात त्यांतल्याही काहींना ती नीट येत नाही. लिबएमटीपी या जुन्या, मुक्त एमटीपी लायब्ररीने तर आपल्या डिव्हाइसांच्या तक्त्यात यासाठी खास खुणा ठेवल्या आहेत. इतक्या वर्षांच्या अनुभवाने जमवलेला तो तक्ता वाचताना फार आदर वाटतो.

म्हणून मी ‘जलद यादी’ केली. तिच्यात फक्त नाव, पालक आणि साइझ मागवायची, बाकीची फील्डं रिकामी ठेवायची आणि कुणी मागितली तरच आणायची. रिकामं म्हणजे रस्टमधला ‘नन’, ‘काही नाही’ची खूण. चुकलं ते इथेच. ‘डिव्हाइसकडे तारीख नाही’ यासाठीही मी ‘नन’च वापरत होतो.

काल सहकारीने बॅकअप चालवला. टूलला तारखा ‘नन’ मिळाल्या. त्याने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की या डिव्हाइसला तारखा देता येत नाहीत, तेव्हा खात्रीसाठी सगळं पुन्हा कॉपी केलेलं बरं. फोनवरचा प्रत्येक फोटो, जो आधीच तिच्याकडे होता, रात्रभर पुन्हा उतरत राहिला. सकाळी डिस्क भरलेली. तिच्या टूलची काडीमात्र चूक नव्हती. लायब्ररीने विचारलंच नव्हतं, आणि सांगितलं मात्र ‘नाही’.

साइझसाठी, तारखेसाठी, नावासाठी मी महिनाभर हेच तत्त्व धरून होतो की नसलेल्याला शून्य म्हणायचं नाही. मग स्वतःच्या न विचारण्याला डिव्हाइसचा नकार कसा म्हटला? कारण रस्टचा ‘ऑप्शन’ हा टाइप हाताशी होता आणि त्यात दोनच कप्पे होते, ‘काही आहे’ आणि ‘नन’. वस्तू तीन, कप्पे दोन. एक कुठेतरी चुकीच्या कप्प्यात जाणारच.

आता प्रत्येक फील्डला तीन अवस्था: ‘विचारलं नाही’, ‘विचारलं, दिलं नाही’, ‘दिलं’. दुसरीत कारणही ठेवतो: ही प्रॉपर्टी डिव्हाइसच्या यादीतच नाही, की यादीत आहे पण या फाइलीपुरती रिकामी आली, की विचारताना एरर आला. एरर पुन्हा विचारून सुटू शकतो. प्रॉपर्टीच नसेल तर पुन्हा विचारणं व्यर्थ. हा फरक टूलला कळायलाच हवा.

सहकारीला सविस्तर लिहिलं, चूक कुठे होती तेही. तिचं उत्तर एका ओळीचं: “तीन अवस्था चालतील, फक्त नावं अशी दे की वाचूनच कळेल.”

५ मार्च

उलटी दिशा: मेटाडेटा डिव्हाइसला सांगणं. नवी फाइल पाठवताना आधी ऑब्जेक्टइन्फो जाते, मग बाइट. म्हणजे साइझ आधीच पक्की हवी, वाहत्या डेटाला ‘संपेल तेव्हा संपेल’ म्हणता येत नाही. चार जीबीच्या वर प्रॉपर्ट्यांच्या यादीसह पाठवण्याची दुसरी आज्ञा वापरायची. तिच्यात साइझ दोन ३२ बिटांच्या तुकड्यांत जाते, वरचा आणि खालचा.

एक फोन पाठवलेली बदलल्याची तारीख शांतपणे बाजूला ठेवतो आणि स्वतःची, म्हणजे आत्ताची, लावतो. उत्तर मात्र ‘ठीक’. आतापर्यंत पाठवण्याचं फंक्शन आम्ही पाठवलेलीच नोंद परत द्यायचं. आजपासून पाठवून झालं की डिव्हाइसला पुन्हा विचारतो आणि ते जे सांगेल ते परत देतो. एक फेरी जास्त पडते. पडू दे.

७ मार्च

प्रकार. डिव्हाइस १६ बिटांचा फॉरमॅट कोड देतं, पण कित्येकदा तो हेक्स ३०००, म्हणजे ‘अनिश्चित’. एक्स्टेन्शनवरून ओळखण्याचं फंक्शन दिलं आहे, पण त्याचं उत्तर ‘अंदाज’ या वेगळ्या टाइपात. आणि आमच्या तक्त्यात नसलेला कोड आला तर त्याला ‘इतर’ म्हणून आकडा टाकून द्यायचा नाही. आकडा जपायचा. उद्या कुणाला तरी तोच लागेल.

१२ मार्च

एका वापरकर्त्याने विचारलं की वाचण्या-लिहिण्याचे परवाने आणि मालक ही फील्डं का नाहीत. त्याला डिव्हाइस फोल्डरासारखं माउंट करायचं आहे आणि तिथे ती लागतात. एमटीपीत ती नाहीत. संरक्षण-स्थिती असं एक फील्ड आहे, मुख्यतः बदलू नये असं सांगणारं. ते आम्ही देतो. बाकी ६४४ वगैरे परवान्यांचे आकडे माउंट करणाऱ्या थराने भरावेत. त्याला ते भरावेच लागतील, ते मान्य. पण ते त्याने भरले आहेत हे त्याच्या कोडात दिसेल, आमच्या नोंदीत डिव्हाइसचं म्हणणं म्हणून नव्हे.

१४ मार्च

सगळे तुकडे एकत्र केले. जुना म्युझिक प्लेअर पुन्हा जोडला. गाण्यांची यादी आली. बदलल्याच्या तारखेच्या रकान्यात १९७० ऐवजी आडवी रेघ, आणि तिच्यावर गेलं की ‘डिव्हाइसने रिकामी दिली’. सहकारीच्या टूलने ती रेघ पाहून तारीख बाजूला ठेवली, साइझ आणि कायमची ओळख यांवरून फायली ताडून पाहिल्या आणि एकही गाणं पुन्हा उतरवलं नाही.

पुढचं काम कॅशचं, म्हणजे एकदा आणलेली माहिती जवळ साठवण्याचं. डिव्हाइस ‘या ऑब्जेक्टची माहिती बदलली’ असा इव्हेंट पाठवू शकतं. तो आला की त्या फाइलीची सगळी फील्डं परत ‘विचारलं नाही’वर न्यायची. सोमवारी त्याच्या टेस्टपासून सुरुवात.